एका गुणाचा निवाडा

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा, म्हणजे सीबीएसईचा, बारावीचा निकाल साधारणपणे मे महिन्यात लागतो. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद या सगळ्या पट्ट्यात त्या दिवशी सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती एक आकडा पडतो आणि त्यासोबत एक ठाम मतही ऐकवले जाते. परीक्षा सर्वांची एक, तपासनिसाला नाव माहीत नाही, नियम सर्वांना सारखे. तेव्हा ज्याला जेवढे गुण पडले तेवढी त्याची पात्रता, आणि ज्याला एक गुण जास्त तो एका पायरीने वर. पालक, शाळाचालक, शिकवणीवर्ग आणि प्रवेश देणाऱ्या संस्था, सगळ्यांनाच हे मत सोयीचे वाटते, म्हणून ते तपासून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

हे मत टिकणारे नाही. लेखी परीक्षा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. विद्यार्थ्याने विषय साधारण किती आत्मसात केला हे तिच्यातून कळते, आणि ९५ व ६५ यांच्यातला फरक बहुधा खरा असतो. ९५ आणि ९७ यांच्यातला फरक मात्र प्रश्नसंच, तपासनीस, अंतर्गत गुण आणि बदलते नियम यांच्या चढउतारात सहज विरून जातो. भाजीच्या तराजूवर सोने तोलू नये हे कोणालाही कळते. बोर्डाच्या गुणांवर अपूर्णांकापर्यंत माणसे तोलणे त्याच जातीचे आहे. तरीही दिल्लीत वर्षानुवर्षे या उन्नीस-बीसच्या फरकावर प्रवेश दिले आणि नाकारले गेले. कारण जागा कमी होत्या, आणि जागांची टंचाई गुणवत्तेच्या नावाखाली झाकली गेली.

गुण कसे ठरतात

२०२५ साली सीबीएसईच्या बारावीला १६,९२,७९४ विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १४,९६,३०७, म्हणजे ८८.३९ टक्के उत्तीर्ण झाले. प्रत्येकी पाच विषय धरले तरी एकट्या बारावीच्या ऐंशी लाखांहून अधिक उत्तरपत्रिका होतात. परीक्षा संपल्यावर काही आठवड्यांत त्या हजारो शिक्षकांकडून तपासून घ्याव्या लागतात. तपासनिसांना आदर्श उत्तरे आणि गुणविभागणी ठरवून दिलेली असते, मुख्य परीक्षक नमुना तपासणी करतात, आणि नाव झाकलेले असल्याने पक्षपाताला वाव कमी राहतो. ही व्यवस्था प्रामाणिक आहे. पण प्रामाणिक व्यवस्था अचूक असतेच असे नाही.

गणितात किंवा लेखाशास्त्रात पायरीपायरीने गुण देता येतात. इतिहास, राज्यशास्त्र, भाषा या विषयांत उत्तर ‘पुरेसे’ आहे की ‘चांगले’ हे तपासणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहते. फिलिप हार्टोग यांचे नाव भारतीय शिक्षणाच्या इतिहासात परिचित आहे. ते ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि १९२९ च्या हार्टोग समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह १९३५ साली ब्रिटनमधील परीक्षांची एक पाहणी प्रसिद्ध केली. पूर्वी एकसारखेच गुण मिळालेल्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनी अनुभवी परीक्षकांना तपासायला दिल्या, आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांपुढे पुन्हा ठेवल्या. दोन्ही वेळा तपासणाऱ्या १४ परीक्षकांच्या २१० निवाड्यांपैकी ९२ निवाडे दुसऱ्या खेपेस बदलले. उत्तरपत्रिका तीच होती आणि परीक्षकही तेच होते.

ही जुन्या काळाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. इंग्लंडच्या परीक्षा नियामक संस्थेने, ऑफक्वालने, २०१८ साली स्वतःच जाहीर केले की विद्यार्थ्याला मिळालेली श्रेणी ज्येष्ठ परीक्षकाने दिली असती त्या श्रेणीशी जुळण्याची शक्यता गणितात सुमारे ९६ टक्के, तर इतिहासात सुमारे ५६ टक्केच आहे. तेथे संगणकाच्या पडद्यावर तपासणी होते आणि परीक्षकांवर सतत देखरेख असते, तरीही स्थिती अशी आहे. दिल्लीतील कला शाखेच्या विद्यार्थिनीला राज्यशास्त्रात मिळालेल्या ९४ गुणांकडे याच जाणिवेने पाहिले पाहिजे. त्या जागी ९१ किंवा ९७ ही येऊ शकले असते, आणि त्यासाठी तिच्या उत्तरातला एक शब्दही बदलावा लागला नसता.

चुका झाल्याचे मंडळालाही मान्य करावे लागले आहे. २०१८ च्या निकालानंतर गुणांच्या बेरजेतील आणि तपासणीतील चुकांबद्दल सीबीएसईने शंभराहून अधिक शिक्षकांवर कारवाई केली. स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्कही विद्यार्थ्यांना आपोआप मिळालेला नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाविरुद्धच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने दिलेला निर्णय १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने फिरवला, आणि उत्तरपत्रिका पाहण्याची व पुनर्मूल्यांकनाची मागणी हक्क म्हणून करता येणार नाही, असे ठरवले. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालील ‘माहिती’ आहे आणि विद्यार्थी ती पाहू शकतो, हा निर्णय येण्यासाठी ऑगस्ट २०११ उजाडला. तो खटला सीबीएसईविरुद्धचाच होता. जे मोजमाप इतकी वर्षे तपासूही दिले जात नव्हते, त्याला निर्दोष म्हणण्याला आधार कोणता?

‘प्रश्नपत्रिका सर्वांना एक’ हेही अर्धसत्य आहे. सीबीएसई अनेक वर्षे दिल्लीसाठी, उर्वरित भारतासाठी आणि परदेशातील केंद्रांसाठी वेगवेगळे प्रश्नसंच काढत असे. २०१८ साली देशभर एकच संच वापरला गेला. त्याच वर्षी बारावीचा अर्थशास्त्राचा आणि दहावीचा गणिताचा पेपर फुटला. अर्थशास्त्राची परीक्षा २५ एप्रिल रोजी पुन्हा घ्यावी लागली. दहावीची फेरपरीक्षा दिल्ली आणि हरियाणापुरती घेण्याचा विचार शेवटी सोडून देण्यात आला. अनेक संच काढले तर काठिण्य कमी-जास्त होते, आणि एकच काढला तर फुटीचा धोका वाढतो. या कात्रीतून कोणतेही मंडळ सुटलेले नाही.

मग टक्केवारीचे काय? ज्या आकड्यावरून घरोघरी तुलना चालते तो मंडळ काढतच नाही. एकूण श्रेणी, विशेष प्रावीण्य किंवा एकत्रित टक्केवारी दिली जात नाही आणि मोजलीही जात नाही, असे सीबीएसईने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. ज्या संस्थेला टक्केवारी हवी तिने ती काढावी, अशी मंडळाची भूमिका आहे. सहा विषय घेतलेल्या मुलाचे टक्के पाच विषयांवर मोजावेत की सहा, हे मोजणारा ठरवतो. दिल्ली विद्यापीठ आपल्या कटऑफसाठी चार विषय धरत असे आणि विषयगट जुळला नाही तर टक्के वजा करत असे. त्यामुळे एकाच गुणपत्रिकेतून एकाच आठवड्यात तीन वेगळे आकडे निघत, आणि तिन्ही त्याच मुलाची ‘टक्केवारी’ म्हणून चालत.

वर्षे बदलली की आकडे बदलतात

गुण म्हणजे पात्रतेचे स्थिर माप असते, तर वेगवेगळ्या वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता आले असते. सीबीएसईच्या बारावीत ९५ टक्के वा अधिक गुण मिळवणारे विद्यार्थी २००८ साली ३८४ होते. २०१४ साली ते ८,९७१ झाले. परीक्षार्थींची संख्याही वाढली होती, पण तेवीस पट नव्हे. २०१८ मध्ये हा आकडा १२,७३७ होता, २०१९ मध्ये १७,६९३, २०२० मध्ये ३८,६८६ आणि २०२१ मध्ये ७०,००४. पुढे तो खाली आला: २०२३ मध्ये २२,६२२ आणि २०२५ मध्ये २४,८६७. दोन वर्षांत मुले चौपट हुशार होत नाहीत आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांची हुशारी ओसरत नाही. बदलले ते नियम.

हे नियम कोणते, हेही उघड आहे. कठीण वा सदोष प्रश्नांची भरपाई म्हणून गुण वाढवून देण्याची ‘मॉडरेशन’ची पद्धत अनेक मंडळांत होती. तिच्यामुळे गुण फुगतात, असे मंडळांनीच मान्य केले आणि एप्रिल २०१७ मध्ये सीबीएसईसह अनेक मंडळांनी ती बंद करण्याचे ठरवले. परीक्षा होऊन गेल्यावर नियम बदलता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २३ मे २०१७ रोजी सांगितले, आणि त्या वर्षापुरती पद्धत चालू राहिली. २०२१ साली परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत चाचण्यांचे ४० टक्के असे सूत्र लावले गेले. शिवाय शाळेच्या मागील तीन वर्षांतील सर्वोत्तम निकालाच्या चौकटीत गुण बसवण्यास शाळांना सांगण्यात आले. त्या वर्षीच्या मुलाचे गुण त्याच्या आधी शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांच्या गुणांना बांधलेले होते. निकाल ९९.३७ टक्के लागला. महामारीत दुसरा मार्ग नव्हता हे खरे. पण त्या गुणांना वैयक्तिक पात्रतेचे माप म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राचा दाखला याहून स्पष्ट आहे. राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांतील शाळेच्या हातचे अंतर्गत गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. मराठवाड्यातील, विदर्भातील, कोकणातील मुले तीच, शिक्षकही तेच. वीस गुणांच्या एका नियमाने लाखो मुलांच्या नशिबी ‘उत्तीर्ण’ की ‘अनुत्तीर्ण’ हे ठरवले.

वर्षावर्षांत जी अडचण, तीच दोन मंडळांत. २०२१ पर्यंत दिल्ली विद्यापीठात सीबीएसई, महाराष्ट्र, केरळ, तामिळनाडू अशा सर्व मंडळांचे टक्के जसेच्या तसे एका रांगेत लावले जात. कोणत्या मंडळाचा हात सैल आणि कोणत्या मंडळाचा आखडता, याचा हिशेब त्यात नव्हता. नागपूर किंवा पुण्याहून दिल्लीत शिकायला येऊ पाहणाऱ्या राज्य मंडळाच्या मुलाने याची किंमत मोजली. मुंबई-पुण्यात अकरावीच्या प्रवेशासाठी हीच लढाई उलट बाजूने झाली. राज्य सरकारचे पर्सेंटाइलचे सूत्र आणि राज्य मंडळाला ९० व इतर मंडळांना १० टक्के जागा देणारा कोटा न्यायालयात टिकले नाहीत, आणि शेवटी २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ला, म्हणजे सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरण्याला, सर्वोच्च न्यायालयाने हिरवा कंदील दाखवला. दोन मंडळांचे गुण सरळ तोलता येत नाहीत, हे या वादात सगळ्याच बाजूंनी गृहीत धरलेले होते.

टंचाईला गुणवत्तेचे नाव

श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने २०११ साली विशिष्ट गटातील विद्यार्थ्यांसाठी बी.कॉम.चा पहिला कटऑफ १०० टक्के लावला आणि देशभर खळबळ उडाली. २०१५ मध्ये संगणकशास्त्रासाठी इंद्रप्रस्थ कॉलेजात तोच आकडा दिसला. २०२१ मध्ये हिंदू कॉलेजच्या राज्यशास्त्रासह अनेक अभ्यासक्रमांचा कटऑफ १०० झाला. राज्यशास्त्र शिकण्यासाठी चार विषयांत पैकीच्या पैकी गुण लागतात, असे कोणत्याही प्राध्यापकाचे मत नव्हते. कटऑफ पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश देणे कॉलेजवर बंधनकारक होते, आणि जागांपेक्षा जास्त मुले आली तर वर्गात बसायला जागा नसे. म्हणून कॉलेजे आकडा वर ठेवत. १०० हा आकडा गर्दी थोपवण्याचे साधन होता; विषयाला लागणाऱ्या योग्यतेशी त्याचा संबंध नव्हता.

२०२१ साली दिल्ली विद्यापीठात पदवीच्या जागा सुमारे सत्तर हजार होत्या. त्याच वर्षी एकट्या सीबीएसईत ९५ टक्क्यांवरची मुले ७०,००४ होती. म्हणजे ९५ टक्के मिळवलेल्या सर्वांनीच अर्ज केला असता, तर इतर मंडळांतून आलेल्या एकाही मुलासाठी जागा उरली नसती. अशा स्थितीत ९८ टक्के मिळवलेली मुलगी घरी परत जाते. तिला सांगितले जाते की ती कमी पडली. कमी पडली होती ती जागांची संख्या, आणि जागा वाढवण्याची जबाबदारी तिच्यावर नव्हती.

या युक्तिवादाला उत्तर म्हणून सीयूईटीकडे बोट दाखवले जाते. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश सामायिक परीक्षेवर होतात, तेव्हा बोर्डाच्या गुणांचा प्रश्न मिटला, असे म्हटले जाते. मंडळामंडळांतील विषमता दूर करण्याचा हा प्रयत्न योग्य दिशेचा होता, हे मान्य केले पाहिजे. पण एका गुणाचे राज्य त्याने संपवले नाही. अनेक सत्रांत परीक्षा झाल्याने मूळ गुण सांख्यिकी सूत्रातून काढावे लागले. पहिल्या वर्षी तांत्रिक बिघाडांमुळे केंद्रांवर गोंधळ झाला आणि निकाल सप्टेंबरच्या मध्यावर लागला. २०२४ मध्येही जुलैअखेरपर्यंत वाट पाहावी लागली. दोन विद्यार्थ्यांचे गुण सारखे आले तर दिल्ली विद्यापीठ बारावीचे गुण पाहते. तेही सारखे असतील तर निकष खाली खाली उतरत जन्मतारखेपर्यंत आणि शेवटी नावाच्या वर्णक्रमापर्यंत जातात. जो नियम शेवटी वर्णक्रमाचा आधार घेतो, त्याने आपण गुणवत्ता मोजतो आहोत असा दावा करू नये. पुरेशा सारख्या माणसांत फरक शोधता येत नाही, याचीच ती कबुली आहे.

गरिबाची शिडी

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा वेगळा आहे. ज्या मुलाच्या पाठीशी ओळख नाही, पैसा नाही, इंग्रजी बोलणारे घर नाही, त्याच्याकडे गुणपत्रिका एवढी एकच गोष्ट असते. तिचे वजन कमी केले तर मुलाखती, शिफारशी आणि वशिला यांचे वजन वाढेल, आणि नुकसान त्याचेच होईल. ही भीती खरी आहे. नाव झाकून घेतलेली बाह्य परीक्षा भारतासारख्या समाजात मोठे संरक्षण आहे आणि ती टिकलीच पाहिजे.

परंतु या मुद्द्यातून एका गुणाच्या क्रमवारीचे समर्थन निघत नाही. गरिबाच्या मुलाला ८५ टक्क्यांनी आपली तयारी सिद्ध करता येते. ९७ आणि ९८ यांच्या शर्यतीत मात्र तो मागे पडतो, कारण शेवटचे तीन-चार गुण बहुधा लक्ष्मीनगरच्या शिकवण्या, सराव परीक्षा आणि घरचा निवांत कोपरा यांच्या बळावर मिळतात. शंका आली तर दाद मागायलाही पैसे लागतात. अलीकडच्या वर्षांत बारावीच्या उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी विषयामागे ७०० रुपये, गुणपडताळणीसाठी ५०० रुपये आणि पुनर्मूल्यांकनासाठी प्रश्नामागे १०० रुपये आकारले गेले. तीन विषयांची दाद मागायची म्हटली तर मजुरी करणाऱ्या घराचे काही दिवसांचे उत्पन्न जाते. संपन्न घर हा खर्च विचार न करता करते.

शिवाय बारावीच्या निकालात दिसतात ती गाळणीतून उरलेली मुले. २०२३-२४ या वर्षात दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये नववीत एक लाखाहून अधिक आणि अकरावीत पन्नास हजारांहून अधिक विद्यार्थी नापास झाल्याचे माहिती अधिकारातून पुढे आले. यांतील अनेकांना मुक्त शाळेचा रस्ता दाखवला जातो. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त शिक्षण संस्थेचे मुख्यालय दिल्लीला लागूनच नोएडात आहे. तेथून परीक्षा देणारा विद्यार्थी त्याच्या जुन्या शाळेच्या निकालात मोजला जात नाही. बारावीच्या उत्तीर्णतेच्या टक्क्यावर शाळेची प्रतिष्ठा ठरत असेल, तर कच्च्या मुलाला आधीच बाजूला काढण्याचा मोह व्यवस्थेला होणारच. गरिबाच्या शिडीची काळजी असणाऱ्यांनी प्रथम या गाळणीबद्दल बोलले पाहिजे.

फलकांवरचे चेहरे

उरतो तो प्रेरणेचा मुद्दा. पहिल्या आलेल्यांचे कौतुक झाले नाही तर मुले मेहनत कशाला करतील, असे विचारले जाते. सीबीएसईने या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले आहे. २०२० साली परीक्षा अपुऱ्या राहिल्याने मंडळाने गुणवत्ता यादी काढली नाही. पुढे अनिष्ट स्पर्धा टाळण्यासाठी यादी आणि प्रथम-द्वितीय श्रेणी देणे बंद केल्याचे जाहीर केले. आता एखाद्या विषयात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या ०.१ टक्के विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र मिळते, तेवढेच. त्यामुळे मुलांनी अभ्यास सोडल्याचे कुठेही दिसलेले नाही.

मंडळाने जे थांबवले ते शाळा आणि शिकवणीवर्ग मात्र पुढे चालवत आहेत. निकालानंतर दोन दिवसांत गाझियाबादच्या इंदिरापुरमपासून दिल्लीच्या द्वारकेपर्यंत मुलांचे फोटो आणि टक्के असलेले फलक झळकतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणीवर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. विद्यार्थ्याचे नाव आणि छायाचित्र वापरायचे तर यश मिळाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यावी, असे त्यांत सांगितले आहे. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. शाळेच्या भिंतीवरील फलकालाही हाच दंडक लावला पाहिजे. निकाल विद्यार्थ्याचा असतो. आता तो डिजिलॉकरमधून थेट त्याच्या हाती येऊ शकतो, तेव्हा तो इतरांच्या जाहिरातीचा माल होण्याचे कारण उरत नाही.

या जाहिरातबाजीची किंमत फोटो न लागलेली मुले मोजतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातील होते. अशा मृत्यूंमागे कधीच एक कारण नसते. सगळे खापर निकालावर फोडणे चूक ठरेल. पण आकडा हाच माणसाचा निवाडा, असे वर्षभर ऐकवले गेले तर अडचणीत सापडलेल्या मुलाला मदत मागण्याची वाट अरुंद होते. २०१९ साली तेलंगणच्या इंटरमीडिएट निकालात मोठे घोळ झाले. एका मुलीचे शून्य गुण पुढे ९९ झाले. तो निकाल लागल्यानंतरच्या दिवसांत वीसहून अधिक विद्यार्थ्यांचे प्राण गेले. निकालही चुकू शकतो, एवढे भान समाजात असते तर त्या मुलांपैकी काहींना फेरतपासणीपर्यंत थांबण्याचे बळ मिळाले असते.

२०२० मध्ये सीबीएसईने गुणपत्रिकेवरील ‘नापास’ हा शेरा काढला, आणि २०२५ च्या बारावीत सुमारे १ लाख २९ हजार विद्यार्थ्यांना पुरवणी परीक्षेची संधी मिळाली. दरवाजे आहेत, पण निकालाच्या दिवशी ते मुलांना दाखवले जात नाहीत. निकालानंतर मन सैरभैर झालेल्या मुलासाठी आणि त्याच्या पालकांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. प्रत्येक शाळेने निकालाच्या सूचनेबरोबर तो छापला पाहिजे.

काय करता येईल

उपाय नवे शोधण्याची गरज नाही. त्यांतले बरेचसे आधीपासून हाताशी आहेत. सीबीएसई विषयवार श्रेणी देतेच: उत्तीर्ण विद्यार्थ्यांचे आठ समान भाग करून वरच्या भागाला ए-१, पुढच्याला ए-२, असा क्रम असतो. मोजमापाला जेवढी बारीक नजर आहे तेवढेच ही पद्धत सांगते. प्रवेशासाठी आणि जाहीर वापरासाठी हीच श्रेणी पुढे आणावी आणि सुटे गुण विद्यार्थ्यापुरते ठेवावेत. तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागणाऱ्या प्रत्येकाला प्रवेशाच्या मुदतीआधी विनाशुल्क मिळावी. दहावीला २०२६ पासून दोन परीक्षा देता येतील आणि दुसऱ्या वेळी तीन विषयांपर्यंत गुण सुधारता येतील, हा जून २०२५ चा निर्णय स्वागतार्ह आहे. बारावीलाही तशी सोय हवी.

सर्वांत महत्त्वाचा बदल विद्यापीठांनी करायचा आहे. अभ्यासक्रम झेपण्यासाठी किती तयारी लागते ती रेषा प्राध्यापकांनी ठरवावी आणि त्या रेषेवरच्या सर्वांना पात्र मानावे. पात्र मुले जागांपेक्षा जास्त असतील तर उघड सोडत काढावी. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण नेदरलँड्समध्ये वैद्यकीय प्रवेश अनेक दशके गुणांचे वजन धरून सोडतीने होत होते, आणि २०१७ मध्ये बंद झालेली ती मुभा २०२३ पासून पुन्हा देण्यात आली आहे. खुद्द दिल्लीत शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांतील दुर्बल घटकांच्या २५ टक्के जागा संगणकीय सोडतीने भरल्या जातात. तीन-चार वर्षांच्या मुलाला सोडतीत जागा मिळाली नाही म्हणून त्याला कोणी कमी लेखत नाही. सतरा वर्षांच्या मुलीलाही तेवढा प्रामाणिकपणा मिळायला हवा.

सोडतीमुळे मेहनतीचा अपमान होईल, असा शेवटचा आक्षेप येतो. मेहनतीने मूल त्या रेषेपलीकडे पोहोचते आणि तिथे तिचे पूर्ण चीज होते. रेषेपलीकडे पोहोचलेल्या दोघांपैकी एकाच्या वाट्याला कडक तपासनीस आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला सढळ, हाही नशिबाचाच भाग आहे. फरक इतकाच की आजचे नशीब गुणपत्रिकेत दडलेले असते आणि हरलेल्याला ते स्वतःचा दोष म्हणून स्वीकारावे लागते. जागा कमी असतील तर सरकारने आणि विद्यापीठांनी त्या वाढवाव्यात. तोवर जागा कमी आहेत हे स्पष्ट शब्दांत सांगावे. एका गुणाच्या नावावर कोणत्याही मुलाला कमी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.